नाताळला नागपूरला जायचंय, पण दादाशी बोलणं बंद आहे

टोरंटोहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा तिकडच्या चर्चमध्ये झाला, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले, तर नागपूरच्या दादाने (तो आता एका नवीन फेलोशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत जातो, तिथे त्याने पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतलाय) सगळ्यांसमोर लिहिलं की बाळावर पाणी शिंपडणं हा काही बाप्तिस्मा नाही. ताईंनीही तिथेच त्याला आणि त्याच्या पास्टरला नको ते सुनावलं. तेव्हापासून अबोला. आता नाताळला दादाकडे उतरायचं की हॉटेलात?

ताई, दादाकडेच उतरा. पण तिकीट काढायच्या आधी त्याला फोन करा.

बाप्तिस्म्याचा वाद तुम्हा दोघांच्याने सुटणार नाही, आणि तो सुटेपर्यंत माफी अडवून ठेवायची गरजही नाही. आपल्या नागपुरातलंच बघा ना. 29 नोव्हेंबर 1970 ला सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा वेगवेगळ्या पंथांची चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, बोलणी 1929 पासून चाललेली म्हणजे चाळीस वर्षं, त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय न देणारे बॅप्टिस्टही होते. शेवटी दोन्ही पद्धतींना जागा दिली. एक मोठं मेथडिस्ट चर्च अगदी ऐनवेळी बाहेर राहिलं, म्हणजे सगळं गोड झालं असंही नाही, पण जे आले ते आपापलं मत घेऊनच एका प्रभूभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) बसले. मला हे फार मोठं वाटतं.

फोनवर माफी बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल मागू नका, त्यात तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही जे शब्द वापरले त्याबद्दल मागा, पास्टरबद्दल बोललात तेही नाव घेऊन. "पण तू पण..." हे त्यात नको. तुम्हाला काय लागलं ते दुसऱ्या दिवशी सांगा, ते सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि ग्रुपवर नाही हं. बायबलात मत्तय 18:15 मध्ये प्रभू येशूने सरळ सांगितलंय, भावाशी एकांतात बोल. आईच्या हाती निरोप पाठवणं तर आजच बंद करा, दोन्ही लेकरांचं ऐकून ती बिचारी मधल्यामध्ये पिचते आणि तिकडे एकटी रडते, हे तुम्हाला कॅनडात बसून दिसत नाही.

तुमच्याकडे रविवारी सकाळचे सात म्हणजे थंडीत नागपुरात संध्याकाळचे साडेपाच, उपासना होऊन तो निवांत असेल. नाही उचलला तर व्हॉइस नोट ठेवा, छोटीशी. उचलला आणि पुन्हा बाप्तिस्म्यावर आला तर "त्यावर घरी आल्यावर बोलू दादा" म्हणा आणि वहिनीची, मुलांची चौकशी करा. नागपुरात एक रविवार त्याच्या फेलोशिपला जाऊन बसा, नाताळच्या उपासनेला त्याला आपल्या जुन्या चर्चमध्ये बोलवा. आला नाही तरी जेवायला ताट त्याचंही वाढा.