कंसातले वाक्य

साडेचार वर्षांच्या मुलाच्या वरच्या चार पुढच्या दातांना डॉक्टरांनी सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड लावले. कीड थांबली, पण दात काळे पडले. "पोराच्या तोंडाला काळे फासले," असे सासूबाई म्हणतात. मार्गशीर्षात दिरांचे लग्न आहे, त्याआधी पूर्ण भूल देऊन चारही दातांवर पांढऱ्या कॅप बसवून घ्याव्यात का, असे नाशिकच्या एक वाचक विचारतात. दिसण्याखेरीज घाईचे काही कारण नाही, असे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगूनही त्यांनी तारीख घेऊन ठेवली आहे.

ताई,

तुमच्या तीन पानी पत्रात 'काळे' हा शब्द किती वेळा आला आहे, हे मोजणे मी दुसऱ्या पानावर सोडून दिले. त्याच पानाच्या तळाशी, कंसात, तुम्ही लिहिता : "तसा हल्ली तो ब्रश करताना रडत नाही, पण ते वेगळे." ते अजिबात वेगळे नाही. मला तर तुमच्या पत्रात तेवढेच वाक्य कामाचे वाटले.

ब्रश दिसला की तो पलंगाखाली शिरायचा, वडिलांनी हात धरल्याखेरीज दात घासून होत नसत, हेही तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही त्याला हट्ट समजत होतात. किडीने उघड्या पडलेल्या दाताला ब्रशचे केस लागले की मोठ्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येते. या औषधातली चांदी किडीचे जंतू मारते, फ्लोराईड पोखरलेला भाग टणक करते आणि दाताचे ठणकणे कमी होते. चांदी जिथे बसते तिथे काळा रंग उरतो, तोही फक्त किडलेल्या भागावर. निरोगी दात काळा पडत नाही. म्हणजे आज जेवढे काळे दिसते आहे, तेवढी कीड तिथे आधीपासूनच होती. तपकिरी होती तोवर कोणी पत्र लिहिले नाही, एवढेच.

डॉक्टरांनी फसवले, असे कृपा करून म्हणू नका. त्यांनी आधी फोटो दाखवला आणि तुमची सही घेतली, हे पहिल्या पानावर आहे. जपानात हे औषध पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे आणि 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. दाढ काळी पडली तर आईवडिलांचे फारसे काही म्हणणे नसते, पुढचा दात काळा पडला की मात्र ते बिथरतात, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसून आले आहे. मात्र पर्याय पूर्ण भुलेचा असेल, तर त्यांच्यातलेच बरेच जण काळ्या दाताला तयार होतात. तुम्ही नेमक्या उलट्या दिशेने निघाला आहात.

सासूबाईंचे म्हणावे, तर त्यांच्या आजेसासूबाईंच्या पिढीत सवाष्णी दातवण लावून दात हौसेने काळे करीत, आणि तुमच्या याच मुलाच्या गालावर दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी स्वतः काळी तीट लावली असेल. हे त्यांना ऐकवा असे मी सांगत नाही. तुम्ही मनात ठेवा. मांडवात कोणी दातांकडे बोट दाखवले, की "आईचे लक्ष नव्हते" हे शब्द आपल्याला ऐकू येतील, याची तुम्हाला धास्ती आहे. ती मला समजते. पण ती निवारण्यासाठी साडेचार वर्षांच्या मुलाला भूल द्यायची, तेही सात-आठ वर्षांचा होताना आपोआप पडणाऱ्या दुधाच्या दातांसाठी, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये.

आज दवाखान्याला फोन करा आणि ती तारीख रद्द करा. "विचार करून कळवते" असे म्हणू नका, रद्द करा.

राहता राहिली ती साखर घातलेल्या दुधाची रात्रीची बाटली, जिचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे. वरचे पुढचे दात तिनेच पोखरले. खालचे जिभेच्या आडोशाला वाचले. ती बंद करा. रात्री वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन तुम्ही स्वतः त्याचे दात घासा, कारण आता तो घासू देतो आहे. आणि सहा महिन्यांनी त्याला पहिल्याच डॉक्टरांकडे न्या. काळा भाग मऊ पडला असेल, तर औषध पुन्हा लावावे लागेल, आणि ते लावायला मिनिटभराहून फार वेळ लागत नाही.