गावाकडे शेजाऱ्याशी वाद झालाय, पोलिसांत तक्रार द्यावी की गावातच मिटवावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात जॉबला, आईबाबा गावी, शेजारच्यांच्या मोरीचं पाणी वर्षभर तुमच्या अंगणात येतंय, मागच्या आठवड्यात बाबा सांगायला गेले तर त्यांचा मोठा मुलगा शिव्या देत अंगावर धावून आला, आणि आई म्हणते पोलिसांत गेलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तर काय करावं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावाकडे लोक नेमक्या त्याच एकत्र करतात. पाण्याचं भांडण हे ग्रामपंचायतीचं काम आहे. अंगावर धावून येणं हे पोलिसांचं काम आहे. दोन्हीसाठी दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या जागी. पोलीस ठाण्यात जाऊन मोरीची कहाणी सांगत बसलात तर ते म्हणतील हे आमच्याकडे नाही, पंचायतीत जा, आणि बाबांच्या अंगावर आला ही खरी गोष्ट त्या सगळ्या पाण्यात वाहून जाते.

हे मी एवढं ठामपणे सांगतोय कारण आमच्या घरात हे उलटं झालं आणि त्याची किंमत माझ्या चुलतभावाने मोजली. आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. शेजारी भावकीतलेच. त्यांनी घरकुल बांधताना जोतं उंच घेतलं त्यामुळे बाथरूमचं सगळं पाणी उताराने आमच्या परड्यात यायला लागलं. दोन वर्षं नुसती तोंडातोंडी, कोणी कागदावर एक ओळ लिहिली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात एका रात्री काका खोरं घेऊन पाणी वळवायला गेले, तिथे झटापट झाली, त्यांच्याकडच्या एकाच्या डोक्याला खोऱ्याचा दांडा लागला, काकांचा हात सुजला, आणि मग दोन्हीकडची माणसं रात्री बारा वाजता ठाण्यात. दोन्हीकडून फिर्यादी. आणि आता खरं सांगतो, दोन्ही फिर्यादींत माणसं वाढवलेली होती. आम्हीही त्यांच्या घरातली दोन नावं उगाच घातली आणि त्यांनी आमच्या चुलतभावाचं नाव घातलं, जो त्या रात्री गावात नव्हताच, तो तालुक्याला अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होता.

तेव्हा जुना कायदा म्हणजे भारतीय दंड संहिता होती, कलम ३२४ लागलं, म्हणजे हत्याराने दुखापत. साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी म्हणजे ३२३, ५०४, ५०६ असतं तर दोन्ही बाजूंनी कोर्टात मिटलं म्हणून सांगता आलं असतं पण ३२४ मध्ये तसं चालत नव्हतं. शिवाय दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस झाली, म्हणजे तहसीलदारांपुढे तारखा, शांतता राखू म्हणून बाँड. भाऊ २०१८ च्या भरतीत ग्राउंड आणि लेखी दोन्हीत बसला आणि चारित्र्य पडताळणीला हा गुन्हा वर आला. नेमणूक लटकली. शेवटी दोन्ही घरांनी मिळून हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करून घेतला, तोवर पोराचं एक वर्ष गेलं होतं आणि वकिलाच्या फीपायी काकूच्या पाटल्या गेल्या. ज्या पाण्यावरून हे झालं ते त्या दिवशीही परड्यात येतच होतं.

म्हणून आता तुमच्याकडे.

पोलिसांचं आधी. बाबांच्या अंगावर धावून आला, शिव्या दिल्या, मारून टाकीन म्हणाला असेल तर हे लिहून द्यायलाच हवं, यात मला अजिबात शंका नाही. हात लागला नाही म्हणून गप्प बसायचं नाही. पण काय होईल ते नीट समजून जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलमांचे नंबर बदललेत, जुनं ३२३ आता ११५(२), ५०४ म्हणजे ३५२ आणि ५०६ म्हणजे ३५१. असल्या प्रकरणात बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, ज्याला सगळे एनसी म्हणतात. एनसी म्हणजे पोलीस लगेच जाऊन उचलून आणणार नाहीत, कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासही करता येत नाही. लोक इथेच चिडतात, पोलिसांनी काही केलं नाही म्हणतात. पण एनसी ही तारीखवार नोंद आहे. उद्या परत काही झालं तर आधी असं झालं होतं हे सरकारी कागदावर राहतं, आणि त्याच आधारावर पोलीस समोरच्याला बोलावून नोटीस देऊ शकतात (जुनं १४९, आता १६८) किंवा तहसीलदारांकडे चॅप्टर केसचा प्रस्ताव पाठवू शकतात (जुनं १०७, आता १२६), त्यात एक वर्षापर्यंत शांतता राखायचा बाँड घेतात. गावात नुसत्या नोटिशीनेही बराच फरक पडतो, मी पाहिलंय.

एनसीची नक्कल मागून घ्या. नुसता तक्रारी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरा. प्रत्यक्ष मारहाण होऊन काही लागलं तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणीचा कागद, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. आणि चालू भांडणात ११२ ला फोन. आईच्या मोबाईलमध्ये तो नंबर स्पीड डायलला टाकून ठेवा, आमच्या आईला रात्रीच्या वेळी नंबर शोधता आला नव्हता. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात तो, असून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवता येतं, कायद्यातच तशी सोय आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हात जोडून सांगतो. जेवढं झालं तेवढंच लिहा. ठाण्याबाहेर कोणीतरी जाणकार भेटतोच जो म्हणतो नुसत्या शिव्यांनी काय होत नाही, आईचं मंगळसूत्र ओढलं असं घाला म्हणजे कलम वाढेल. घालू नका. एक तर खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे दुसऱ्या दिवशी समोरून तुमच्यावर तेच येतं. धावून आला तो एक मुलगा, तर नाव त्या एकाचंच. त्याच्या बहिणीचं, म्हाताऱ्याचं, कॉलेजला असलेल्या धाकट्याचं घालू नका. ज्या दिवशी तुम्ही त्या घरातल्या न भांडलेल्या माणसाला गुन्ह्यात ओढता त्या दिवसापासून ते मिटायचं बंद होतं, आमच्याकडे नेमकं हेच झालं.

याच्या उलटंही तेवढंच खरं. काही गोष्टी गावात मिटवायच्याच नसतात. बाईच्या अंगाला हात लावला, जातीवरून बोलले, घरात घुसून मारलं, लहान मुलाला काही केलं, तर कोणी कितीही म्हणू दे की गावात बसून मिटवू, तिथे बसायचं नाही. सरळ ठाणं. मी असे दोन प्रकार बघितलेत जिथे गावकीने बसवून मिटवलं आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच शेवटी गाव सोडून गेला.

बाबांचं वय साठच्या वर असेल तर एक लक्षात ठेवा, साठीवरच्या माणसाला आणि बाईमाणसाला साक्षीदार म्हणून जबाबाला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. आईला ठाण्याची पायरी चढायची भीती असते, तिला हे सांगा.

आता पाणी. ग्रामपंचायतीला वेगळा साधा अर्ज. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक शब्द नको, पाणी कुठून येतं, कधीपासून येतं, कुठे साचतं, डास, भिंतीला ओल, एवढंच, आणि सोबत तारखेचे फोटो. स्थळपाहणी करून पंचनामा करावा अशी मागणी लिहा. पोच घ्या. महिन्याभरात काही हललं नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज, त्याला पहिल्याची झेरॉक्स जोडा, आणि पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. ग्रामसभेला स्वतः या. तुम्ही पुण्यात बसून फोनवर शेजाऱ्याला दम दिलात तर रात्री तिथे एकटे आईबाबाच असतात हे विसरू नका.

मध्ये कोणाला घ्यायचं यावरही विचार करा. गावातले वाद गावातच मिटवणारी तंटामुक्ती समिती बऱ्याच गावांत कागदावर उरलीय, पण १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी ती मोहीम चालू केली तेव्हा आमच्या भागात तिने बांधाचे, रस्त्याचे कितीतरी वाद मिटवले होते आणि अजूनही जिथे अध्यक्ष बरा माणूस आहे तिथे ती चालते. पोलीस पाटलांना तर सांगाच. माझे मामा शेजारच्या गावात पोलीस पाटील होते, ते म्हणायचे भांडणाची खबर मला ठाण्यातून कळली तर मी काय कामाचा. ठाण्यातला बीट अंमलदार, म्हणजे ज्या पोलिसाकडे आपलं गाव असतं तो, गावात आला की आधी पाटलालाच विचारतो. फक्त एक करू नका, कोणत्या पुढाऱ्याला फोन लावून ठाण्यात वजन टाकायला सांगू नका. तुमच्याकडून एक पुढारी गेला की त्यांच्याकडून दुसरा जातो, मग मोरीचं पाणी बाजूला राहतं आणि पंचायतीच्या इलेक्शनपर्यंत ते दोन पार्ट्यांचं भांडण होऊन बसतं.

आमचं शेवटी मामांनी मिटवलं. ते दोन्ही घरांत वेगवेगळे बसले, दोघांना समोरासमोर आणलंच नाही पहिले तीन आठवडे. मग विचारलं की भांडण राहू दे, पाणी नेमकं कुठे जायला पाहिजे ते सांगा. उत्तर निघालं शोषखड्डा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी, मधोमध बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या काथ्या गच्च भरलेल्या, आणि मोरीचा पाइप त्या मडक्यात सोडलेला. काथ्यात खरकटं आणि साबणाचा गाळ अडकतो, त्या अधूनमधून बदलायच्या एवढंच काम. शोषखड्ड्याला सरकारी योजनेतून पैसे मिळतात का ते पंचायतीत विचारा. विहिरीपासून, बोअरपासून लांब घ्यायचा. जागा त्यांची, खोदाई आम्ही केली, दगड त्यांच्याच पडक्या भिंतीचे. दोन दिवसांचं काम होतं. त्या खड्ड्यात मी स्वतः दगड लावलेत आणि लावताना सारखं तेच मनात येत होतं की हे २०१४ ला करता आलं असतं.

आईच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, गावात चार दिवस बोलतात, लग्नकार्यात बोलावणं टाळतात, आमच्याशी दळणाच्या गिरणीतसुद्धा लोक मोजकं बोलायचे. पण सगळ्या गावाला सांगून कोणी तुम्हाला वाळीत टाकायचा प्रयत्न केला तर तोच गुन्हा आहे, महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे धमकी म्हणून वापरू नका, आईला धीर यावा म्हणून सांगतोय. आणि शेजाऱ्याच्या घरातल्या बायकांशी आईचं बोलणं अजून चालू असेल तर ते बंद करायला सांगू नका. आमच्याकडे केस चालू असतानाही आजी आणि त्यांची म्हातारी पाण्याच्या टाकीवर बोलायच्या, मामांना त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकता आलं ते त्या दोघींमुळे.

या शनिवारी गावी जा, बाबांना शेजारी बसवून त्या दिवशी काय झालं ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, तारीख, वेळ, कोण कोण बघत होतं. शनिवारीच ठाण्यात अर्ज द्या, जाताना पोलीस पाटलांना सोबत घ्या. पंचायतीचा अर्ज सोमवारी, त्यासाठी एक दिवस रजा टाका.