फुटबॉलमधला भ्रष्टाचार हे देश घसरणीला लागल्याचं लक्षण असतं का? इटलीचं उदाहरण नेहमी देतात, ते कितपत खरं?

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलो. आमच्याकडे पेठेतल्या संघासोबत परदेशातलाही एखादा संघ प्रत्येकाचा ठरलेला असतो. माझा इटलीतला युव्हेंटस. त्यामुळे इटलीबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, पण हा प्रश्न माझ्या मनात २००६ पासून आहे.

नुसता भ्रष्टाचार म्हणजे घसरण, हे मला पटत नाही. १९८० च्या मार्चमध्ये इटलीत सामने संपताच पोलिसांनी स्टेडियममधूनच खेळाडूंना ताब्यात घेतलं. रोममधला फळभाज्यांचा एक घाऊक व्यापारी आणि एक हॉटेलवाला खेळाडूंना पैसे चारून निकाल ठरवायचे आणि बेकायदा सट्टा लावायचे. ठरलेले निकाल लागेनात, पैसे बुडाले, तेव्हा त्या व्यापाऱ्यानेच तक्रार केली. मिलान आणि लाझिओ या क्लबांना खालच्या विभागात ढकललं. इटलीचा आघाडीचा खेळाडू पाओलो रोस्सी शेवटपर्यंत आरोप नाकारत राहिला, तरी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ती संपवून तो परतला आणि १९८२ च्या विश्वचषकात सहा गोल करून इटलीला जिंकून दिलं. पुढची दहा-पंधरा वर्षं प्लाटिनी, झिको, मॅराडोना असे जगातले मोठे खेळाडू इटलीतच खेळायला येत होते. घसरण कुठे होती?

२००६ चं प्रकरण वेगळं होतं, आणि मला जास्त भीतीदायक वाटतं ते हेच. युव्हेंटसचा कारभार बघणारा लुचानो मोज्जी याचे फोन ध्वनिमुद्रित झाले होते, ते मे महिन्यात वर्तमानपत्रांत छापून आले. त्यात खेळाडूंना पैसे चारण्याचा मामला नव्हताच. कोणत्या सामन्याला कोणता रेफरी जाणार हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांशी तो बोलत होता. टीव्हीवर रिप्ले दाखवून चर्चा करणाऱ्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाला, कोणत्या रेफरीला सांभाळून घ्यायचं तेही सांगत होता. त्याचा मुलगा खेळाडूंचे करार बघणारी कंपनी चालवायचा. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. इटालियन लोकांचा शब्द आहे ‘शिफारस’, आणि तिथल्या कुठल्याही तरुणाला नोकरीच्या संदर्भात तो समजावून सांगावा लागत नाही.

सट्टेबाज एखादा सामना विकत घेतो, तेव्हा बाकीचे सामने तरी खरे असतात. रेफरी नेमणारी खुर्चीच कुणाच्या ओळखीतली निघाली की सगळ्याच निकालांवरचा विश्वास उडतो. मेहनत करणाऱ्याला वाटायला लागतं की आपण उगीच राबतोय.

त्याच वर्षी जुलैच्या ९ तारखेला बर्लिनमध्ये इटलीने फ्रान्सला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला. दोन्ही बाजूंनी मिळून त्या अंतिम सामन्यात युव्हेंटसचे आठ खेळाडू खेळले. मी रात्रभर झोपलो नाही. पाच दिवसांनी निकाल आला: युव्हेंटसची इटालियन लीगची दोन अजिंक्यपदं रद्द, संघ खालच्या विभागात, वर ३० गुणांचा दंड.

मग अपिलं सुरू झाली आणि ३० चे १७ झाले, १७ चे ९. लाझिओ आणि फिओरेंटिना यांनाही खाली पाठवलं होतं, ते वरच राहिले. मिलानवरची कारवाई सौम्य झाली आणि पुढच्या मे महिन्यात मिलानने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. मोज्जीला फुटबॉलमधून कायमचं बाद केलं, पण फौजदारी खटल्यात २०११ साली पाच वर्षं चार महिन्यांची शिक्षा, २०१३ मध्ये अपिलात ती निम्म्याहून कमी, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च पातळीवर मुख्य आरोपांची मुदतच संपलेली! कायद्याने घालून दिलेल्या वेळेत अंतिम निकाल लागला नाही, म्हणून प्रकरण मिटलं. नऊ वर्षं गेली त्यात. घसरण शोधायची असेल तर ती या नऊ वर्षांत शोधा, असं मी म्हणेन. गुन्हे सगळीकडे होतात. ते शेवटास नेण्याचं बळ उरलंय का, हे बघायचं.

२०१२ मध्ये पुन्हा सामनेनिश्चितीचं प्रकरण निघालं, तेव्हा पंतप्रधान मारिओ मोंटी फुटबॉल दोन-तीन वर्षं बंदच ठेवावं का, असं बोलून गेले. देशाची अर्थव्यवस्था तेव्हा मंदीत होती, शिकलेली मुलं बाहेर जात होती. बहुतेक स्टेडियमं नगरपालिकांची, जुनी, दुरुस्तीला आलेली. २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांना इटली पात्रच ठरली नाही. त्याचं खापर मोज्जीवर फोडणं चूक होईल. पण माणसं बदलली तरी कारभाराची पद्धत तीच राहिली, हे खरं.

आणि यात आम्ही चाहतेही आलो. २०१२ साली युव्हेंटस पुन्हा अजिंक्य झाला. अधिकृत हिशेबाने ते २८ वं अजिंक्यपद, पण क्लबने काढून घेतलेली दोन धरून पुढच्या हंगामाच्या जर्सीवर लिहिलं, ‘मैदानावर ३०’. ते वाचून मला बरं वाटलं होतं. मित्रांशी वाद घालताना कित्येक वर्षं मी तीसच सांगत होतो.