कायद्याचं बोला : कार्ड मिळालं की पोरगं सुटलं का?

प्रश्न : वकीलसाहेब, राजारामपुरीत आमचं घर आहे, वरच्या खोलीत अफगाणिस्तानचा एक मुलगा भाड्यानं राहतो, इथंच कॉलेज केलं त्यानं. डिग्री झाली, व्हिसा दोन महिन्यात संपतोय आणि घरी परत जायला तो घाबरतोय, वडील आधीच्या सरकारात नोकरीला होते म्हणून. कोणीतरी सांगितलंय की दिल्लीला जा, युनोचं कार्ड काढ, मग कोण हात लावत नाही. खरं काय? आणि आमच्यावर काय बालंट येईल का? — एक वाचक ताई, कोल्हापूर

उत्तर : ताई, कार्ड खरं आहे, पण "कोण हात लावत नाही" हे खोटं. निर्वासितांचा १९५१ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यावर भारतानं सहीच केलेली नाही आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. श्रीलंकेचे तमिळ, तिबेटी यांचं सरकार स्वतः बघतं, अफगाणी किंवा म्यानमारचे लोक मात्र दिल्लीत यूएनएचसीआरकडं, म्हंजे युनोच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेकडं, अर्ज करतात. आधी नोंदणी, मग मुलाखत, तिथं दुभाष्या देतात, आणि नाही म्हणाले तर अपील करता येतं. यातल्या कशालाच एक रुपया लागत नाही, त्यामुळं "कार्ड करून देतो, एवढे द्या" म्हणणारा भेटला की तिथनंच परत फिरायचं. लाजपतनगर, भोगलकडं अफगाणी वस्ती मोठी आहे आणि जिथं अडलेली माणसं तिथं असले एजंट असणारच की.

कार्डानं होतं काय, तर पोलिसांना कळतं की ह्याच्या केसचा विचार कोणीतरी करतंय. पण तो व्हिसा नव्हे, नुसत्या कार्डावर आधार निघत नाही, मग बँक, सिम, नोकरी सगळंच अडतं. म्हणून व्हिसा जिवंत असतानाच हालचाल करायची, हे त्याला आजच सांगा. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाईन होतो, त्यात घरच्या धोक्याचं कारण स्पष्ट लिहायचं, वडिलांच्या नोकरीचे कागद जोडायचे. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्याला लाँग टर्म व्हिसा द्यायची सोय केंद्रानं २०११ मध्ये केलीय, पण द्यायचा की नाही हे गृहमंत्रालय ठरवतं, मागितला म्हंजे मिळालाच असं नाही. आणि मुदत टळून गेली तर १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटं आधार काढून दडून राहायचा सल्ला देणारे मित्र असतात ना, ते त्याला जास्त खोल खड्ड्यात घालतील.

आता हक्कांचं. घटनेतलं कलम १४ (कायद्यापुढं समानता) आणि २१ (जिवाचं नि स्वातंत्र्याचं रक्षण) हे नागरिकालाच नाही, इथं असलेल्या कुठल्याही माणसाला लागू आहे, पूर्व पाकिस्तानातनं अरुणाचलात आलेल्या चकमा लोकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९९६ ला हे ठणकावून सांगितलंय. गुजरात हायकोर्टानं १९९८ मध्ये दोन इराकी माणसांना जिथं जिवाला धोका तिथं ढकलू नका म्हटलं. पण पूर्ण चित्र सांगायचं तर २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट असंही म्हणालं की देशातनं न काढलं जाण्याचा हक्क हा इथं राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, आणि तो फक्त नागरिकांचा, फक्त पाठवताना रीतसर प्रक्रिया पाळा. म्हंजे ढाल आहे, पण अर्धी. अटक झालीच तर चोवीस तासात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, आणि कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, परदेशी असला तरी, १५१०० ह्या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाईनला फोन करायचा. हायकोर्टात जायची वेळ आली तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच, सीपीआर दवाखान्यासमोर, हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय.

राहिलं तुमचं. परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासात त्याच्या नोंदीचा फॉर्म (आधी ह्याला सी फॉर्म म्हणायचे) ऑनलाईन भरायचा असतो, त्यात त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची माहिती आणि फोटो जातो. नुसता भाडेकरार आणि पोलीस स्टेशनची भाडेकरू नोंद पुरत नाही. फॉर्म भरायचा राहिला असेल तर आता भरा, उशिराचं कारण एसपी ऑफिसात परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्यांना भेटून सांगा. आणि पोराचा पासपोर्ट "सांभाळायला" म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवू नका, चांगल्या मनानं ठेवला तरी नको.

प्रश्न : आम्ही गांधीनगरचे सिंधी. चुलतभाऊ २०१७ ला पाकिस्तानातनं रीतसर व्हिसावर आला, लाँग टर्म व्हिसा आहे. सीएएमध्ये, म्हंजे नागरिकत्वाच्या सुधारित कायद्यात, बसेल का?

उत्तर : नाही बसत. तिथं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेलेच लोक आहेत. २०२४ अखेरपर्यंतची जी तारीख व्हॉट्सॲपवर फिरतीय ती पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतनं सूट मिळण्याची आहे, नागरिकत्वाची नव्हे. भावाला साधाच मार्ग, साधारण बारा वर्षांच्या वास्तव्याचा. तुमच्या आजोबांना वळिवड्याच्या कॅम्पात, म्हंजे आजच्या गांधीनगरात, जिथं १९४३ पासून पोलंडची पाचेक हजार माणसं राहून गेली तिथं, फाळणीनंतर जागा मिळाली तेव्हा एवढी कागदं नव्हती, आता आहेत. लाँग टर्म व्हिसा संपायच्या आधी रिन्यूचा अर्ज टाका आणि पावतीची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा.