बैठकीला कोण होतं?

प्रिय पोरी,

परवा गंगावेशीत दूध कट्ट्यावर तू विचारलंस ते अजून डोक्यातून जात नाही. समोर म्हशीची धार काढणं चाललेलं, पेल्यावर फेस, आणि तू रडवेली होऊन म्हणालीस, "सर, राष्ट्रहित तेच होतं, मग सात वर्षं वाटाघाटी करून भारत आरसेपमधून, आशिया-पॅसिफिक देशांच्या त्या व्यापार करारातून, बाहेर का पडला?"

तुझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य 'भारताने ठरवले' असं आहे. ते आधी खोड. भारत ठरवत नाही गं, माणसं ठरवतात. बैठकीला कोण होतं ते शोध. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये नकार दिला, त्याआधी वाणिज्य खातं बोलणी करत होतं, कारखानदारांना चिनी मालाची धास्ती होती, दूध संघ न्यूझीलंडच्या पावडरीविरुद्ध उठले होते. त्या म्हशीचा मालक दिल्लीला गेला नव्हता, पण त्याचं म्हणणं तिथं पोचलं होतं.

सोव्हिएत संघानं क्युबात क्षेपणास्त्रं आणून ठेवली, ते प्रकरण पुन्हा वाच, आणि या वेळी घाई करू नकोस. 16 ऑक्टोबर 1962 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा कल हवाई हल्ल्याकडे होता, 22 ला त्यांनी नाकेबंदी जाहीर केली. क्षेपणास्त्रं तीच, अमेरिकेचं हितही तेच. मधल्या दिवसांत बैठकीत वाद झाले, माणसांनी मतं बदलली. 27 ला अमेरिकेची तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा शब्द सोव्हिएत राजदूताला गुपचूप दिला गेला. केनेडींच्या सल्लागार समितीतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता! म्हणजे बैठकीच्या आत आणखी एक बैठक. तिथंही विचार, कोण होतं?

मी हे उशिरा शिकलो. 1987 ला श्रीलंकेत सैन्य पाठवलं, त्यावर माझा एम.फिल.चा प्रबंध. पानोपानी 'भारताची भूमिका', आणि माणूस एकही नाही. पोस्टकार्ड पंधरा पैशाला मिळायचं, निवृत्त अधिकाऱ्यांना चार पत्रं टाकता आली असती. टाकली नाहीत. घरी आई अंथरुणाला खिळलेली, नोकरी तासिकेवरची, कोल्हापुरात बसून दिल्लीचं कोण सांगणार असं वाटायचं. यातलं काही खोटं नव्हतं. पण पुढं वर्गात मी हा प्रश्न कधी सोडला नाही. वरिष्ठ म्हणायचे, ह्या चावडीवरच्या गप्पा झाल्या, सिद्धांत शिकवा. मी ऐकलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

तुला तर आज सगळं घरबसल्या मिळतं, तरी 'राष्ट्रहित' लिहून मोकळी होतेस, याचा राग येतो. सोमवारी चारनंतर घरी ये. येताना आरसेपची यादी आण: कोणतं खातं, कोण मंत्री, कोण सचिव, बाहेरून कुणाचा रेटा. नावं नसतील तर तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचणार नाही.

तुझे,
सर