वाचकांचे प्रश्न : लाँगरीच ते येप्पून, कॅराव्हॅनने जावे का?

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहतात. येत्या जुलैत कॅराव्हॅन (गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर) घेऊन लाँगरीचपासून बार्काल्डिन, एमराल्ड, रॉकहॅम्प्टनमार्गे येप्पूनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाण्याचा त्यांचा बेत आहे आणि आम्हीही बरोबर यावे असा त्यांचा आग्रह आहे. माझे वय ६८ आहे. पत्नीला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. इतक्या निर्जन मुलखातून जाणे आम्हाला झेपेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर जावे. लाँगरीच ते रॉकहॅम्प्टन हे अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे, रस्ता डांबरी आहे आणि जुलै हा तिथला ऐन हिवाळा असल्यामुळे दिवसा २३-२४ अंश व पहाटे १० अंशांच्या खाली असे तापमान असते. नाशिककरांना ही थंडी नवी नाही. एवढे अंतर एका दिवसात कापता येते, पण तसे मुळीच करू नये, वाटेत किमान चार-पाच मुक्काम धरावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण या रस्त्यावर घात होतो तो घाईने.

तिथे जुलैत सूर्य साडेपाच ते सहाच्या सुमारास मावळतो. डांबरावरून वाहणारे पाणी कडेला मुरत असल्याने रस्त्यालगतचे गवत अधिक काळ हिरवे राहते आणि तिन्हीसांजेला कांगारू नेमके तेच चरायला येतात. मागे दोन-अडीच टनांची कॅराव्हॅन जोडलेली असताना समोर आलेले जनावर चुकवण्यासाठी गाडी झटकन वळवली, तर मागचा भार हेलकावे खाऊ लागतो आणि प्रसंगी सगळेच उलटते. म्हणून दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि सकाळी ऊन चांगले वर आल्यावरच निघावे. क्वीन्सलंड या तिथल्या राज्याच्या पश्चिम भागात ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या, अनेक डबे जोडलेल्या मालमोटारी धावतात. त्यांना तिथे रोड ट्रेन म्हणतात. अशी गाडी मागून पुढे जाऊ पाहत असेल तर जावयांनी डाव्या बाजूला आपला वेग स्थिर ठेवावा, मध्येच ब्रेक दाबू नये. या मालमोटारींचे चालक एकमेकांशी बोलण्याच्या यूएचएफ रेडिओवर चाळीस क्रमांकाच्या चॅनेलवर बोलतात, तेव्हा गाडीत तो संच असणे फार उपयोगी पडते.

वजनाचा हिशोब बहुतेक जण विसरतात. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की एक क्विंटल भार वाढतो, त्यात आपल्या दोघांच्या बॅगा येतात. गाडीची ओढण्याची आणि कॅराव्हॅनची वाहण्याची कमाल मर्यादा निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी आणि जड सामान खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवावे. चालत्या कॅराव्हॅनमध्ये बसणे बेकायदा आहे, त्यामुळे वाटेत पाठ टेकायची असेल तर गाडी थांबवूनच टेकावी लागेल.

वहिनींच्या दृष्टीने अवघड टप्पा बार्काल्डिन ते एमराल्ड हा सुमारे ३०० किलोमीटरचा आहे. मधली जेरिको आणि अल्फा ही गावे अगदी लहान आहेत, म्हणून वेळेवरचे जेवण आणि साखर घटल्यास लागणारे गोड पदार्थ हाताशी असावेत. इन्सुलिन मात्र गोठू देऊ नये. दोन गावांमध्ये बराच काळ मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे रोजचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ कोणाला तरी कळवून ठेवावी. ऑस्ट्रेलियाचा भारताशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे रुग्णवाहिकेचा खर्चही धरणारा, मधुमेह जाहीर करून घेतलेला प्रवास विमा नसेल तर भारतातून निघूच नये.

आता गावांविषयी, कारण तीच या प्रवासाची खरी कमाई आहे. क्वांटास ही विमान कंपनी १९२० साली विंटनला स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी लाँगरीचला आली. तिथल्या संग्रहालयात बोइंग ७४७ आतून पाहता येते. बार्काल्डिनला रेल्वे स्टेशनसमोर ज्या झाडाखाली १८९१ च्या संपात लोकर कातरणारे कामगार जमत, आणि ज्याच्याशी ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाचा जन्म जोडला जातो, ते झाड २००६ मध्ये कोणीतरी विष घालून मारले. आज त्याच्या खोडावर लाकडाचे असंख्य तुकडे टांगून पर्णसंभाराचा आकार उभा केला आहे. त्याखाली उभे राहून वर पाहावे; मला तर या संपूर्ण वाटेवर याहून मोलाची जागा वाटत नाही. या भागातले पाणी भूगर्भातल्या प्रचंड जलसाठ्यातून गरमच वर येते आणि त्याला अनेकदा गंधकाचा वास असतो, त्याने दचकू नये. एमराल्डच्या अलीकडे सफायर आणि रुबीव्हेल या गावांत नीलमाच्या खाणीतल्या खडीची बादली विकत मिळते. ती चाळणीत धुऊन उन्हात उलटी केली की करड्या खड्यांत एखादा निळा कण चमकतो. अर्धा दिवस इथे सहज जातो आणि वयाचा अडसर मुळीच येत नाही.

जुलैच्या आरंभी तिथे शाळांना सुट्टी असते, म्हणून मुक्कामाच्या जागा आताच राखून ठेवाव्यात. ब्रिस्बेन ते लाँगरीच हे जवळपास १,२०० किलोमीटर आपण दोघांनी विमानाने जावे, मुलांनी गाडी घेऊन पुढे यावे. येप्पूनहून ब्रिस्बेनला परतताना सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहेत. तिथेही मध्ये एक मुक्काम ठेवावा.