डोळ्यांचे व्यायाम करून डिस्लेक्सिया जातो का?

तुमचा प्रश्न असा: वय ३४, राहायला पुण्यात, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण) असल्याचं नुकतंच कळलं, एका ठिकाणी सांगितलं की वाचताना तुमचे डोळे नीट हलत नाहीत, व्यायामाचं पॅकेज घ्या. घेऊ का?

नका घेऊ. मलाही डिस्लेक्सिया आहे आणि काही वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी मी स्वतःच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून घेतल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हनुवटी टेकवायला आधार, समोर स्क्रीन, खाली कॅमेरा, एवढाच थाट. डोळ्यांवर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. बुबुळावर त्याचा जो ठिपका चमकतो तो आणि बाहुलीचा मध्य, या दोन्हींवरून नजर कुठे आहे ते काढतात. (काजळ लावून येऊ नका, असं आधी कळवलं होतं. मलासुद्धा.)

वाचताना नजर ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारते. इंग्रजी वाचणारा सराईत माणूस एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो, मग सात-आठ अक्षरं पुढे. दहातली एखादी उडी मागे. वाचन होतं ते थांब्यांवर. उडी चालू असताना जवळजवळ काही दिसत नाही. आपल्यासारख्यांचे थांबे लांबतात, उड्या तोकड्या होतात, मागच्या फेऱ्या वाढतात. म्हणजे तुम्हाला सांगितलं ते निरीक्षण म्हणून खोटं नाही. गफलत पुढे आहे.

माझा नकाशा नंतर दाखवला. मराठी उतारा आणि त्यावर गोल. थांबा जितका लांब, तितका गोल मोठा. 'घर', 'पाऊस' यांवर फुटाण्याएवढे. 'किंकर्तव्यमूढ'वर भाकरीएवढे सहा, एकावर एक. आणि तो शब्द मी बरोबर वाचला होता! मोठेपणी पुष्कळांचं हेच होतं. चूक होत नाही, वेळ लागतो. ऑफिसात त्याला आळस म्हणतात.

पण डोळे अडखळतात म्हणून शब्द कळत नाही, असं नाही. अक्षर आणि उच्चार यांची सांगड झटकन बसत नाही, ही बहुतेकांची मूळ अडचण. शब्द उलगडेना म्हणून नजर रेंगाळते. पेलेल असा सोपा उतारा दिला की तेच डोळे बरेच सुरळीत चालतात. उलटही करून बघा. त्या व्यायामवाल्यांना चार दिवस मोडी शिकवा आणि पेशवे दफ्तरातला एखादा कागद हातात द्या. गोलांची भाकरी त्यांचीही होईल. १९८१ मध्ये पाव्हलिडिस या संशोधकाने दावा केला होता की नुसत्या दिव्यांच्या मागे नजर फिरवतानाही डिस्लेक्सिया असलेल्यांचे डोळे वेगळे हलतात. इतरांनी करून पाहिलं तेव्हा ते जुळलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनीही २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं, की अशा व्यायामांनी वाचन सुधारतं याला पुरावा नाही.

चष्म्याचा नंबर मात्र तपासून घ्या, तो वेगळा विषय. निदान पक्कं करायचं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे वाचन-लेखनाच्या चाचण्या द्या. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासुद्धा, धरलेली आहे, हेही माहीत असू द्या.

मग डोळे मोजायचे कशाला? कागदावर न उमटणारं दिसतं म्हणून. मला ते लिहिताना जास्त जाणवलं. काम होतं सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहायचं, पाण्याच्या टाकीबद्दल. पेन टॅब्लेटवर, कॅमेरा डोळ्यांवर. 'दुरुस्ती' लिहिताना 'दु' काढला आणि हात थांबला. पुढचा 'रु' पहिला की दुसरा? बोलताना कुठे फरक करतो आपण! नजर सरळ वर, छापलेल्या सूचनेवर, कारण तिथे तो शब्द होता. खाली आली, परत वर. लिहिलेल्यावर नजर सगळेच फिरवतात, पण मी एका शब्दाच्या पोटात शिरून तीनदा वर गेलो होतो. चौथ्यांदा गेलो नाही. 'दु' खोडला आणि 'रिपेअर' लिहिलं.

पत्र तपासणाऱ्या बाईंनी शेरा दिला, शुद्धलेखनाची चूक एकही नाही.